बंदोबस्ताचं बक्षीस



दर वर्षी 1 मे आला की आपलं सरकार दोन कामं करतं. मुंबईत हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव गेलेल्या शंभरावर माणसांचं ते स्मरण. त्यांतले बहुतेक पोलिसांच्या गोळीने गेले, आणि गिरण्या-कारखान्यांत राबणारे त्यांत पुष्कळ होते. त्याच महाराष्ट्र दिनी पोलीस महासंचालकांची सन्मानचिन्हं दिली जातात आणि नावं पुकारली की शिपाई, हवालदार, फौजदार टाचा जुळवून पुढे येतात. हुतात्म्यांना मानवंदना द्यायलाही पोलीसच उभे असतात. यात कुणाला ढोंग दिसेल. मला दिसत नाही. राज्य चालवायचं तर दोन्ही करावं लागतं. पण हे दोन समारंभ एका दिवशी आले म्हणून एक प्रश्न विचारायची सोय होते, आणि आजचा विषय मी त्यातूनच घेतला आहे. संप होतो, टाळेबंदी होते, कारखान्याच्या फाटकावर पोलीस आणि होमगार्ड उभे केले जातात. सगळं शांत झालं की बक्षिसं वाटली जातात. ती नेमकी कशाबद्दल असतात?

आपण जमलो आहोत ते 10 सप्टेंबर 1942च्या हुतात्म्यांच्या गावात. नाना पुरोहितांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून निघालेला मोर्चा महाडच्या कचेरीवर आला आणि गोळीबार झाला. अशा गावात पोलिसांच्या बक्षिसावर बोलायचं म्हणजे थोडं जपूनच बोलावं लागतं, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय महाड-पोलादपूरइतका दुसरीकडे कुठे शोभणार नाही. औद्योगिक अशांततेचा इतिहास लिहिणारे परळ-लालबागपासून सुरुवात करतात. मी सावित्रीच्या काठापासून करणार आहे, कारण फाटकाच्या आतला आणि बाहेरचा, दोघेही इथून गेले होते.

भाताचं एक पीक, वरकसावर नाचणी-वरी आणि पोटं दहा. पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांचं अर्थशास्त्र एवढ्यात संपतं. थोरल्याने शेत बघायचं, मधल्याने गिरणीत जायचं, धाकटा छातीत भरला तर पोलिसात. मुंबई शहराच्या पोलीस दलात शिपायांची मोठी भरती कोकणातून होत आली, आणि गिरण्यांत बदली कामगारांची रांगही कोकण आणि घाटावरच्या माणसांची. गावकीच्या खोलीत भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका एकावर एक. एका खिळ्यावर सुताचा कोंडा अंगभर घेऊन आलेला सदरा, शेजारच्या खिळ्यावर निळा गणवेश आणि पिवळी टोपी. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याच्या वळकटीवर पडायचा. पोलीस लाइनीत खोली मिळेपर्यंत शिपाईही त्याच रांगेत. खानावळ एकच, गावच्या देवीच्या पालखीची वर्गणी एकच, आणि गावाहून आलेलं पत्र मोठ्याने वाचलं जायचं ते दोघांसाठी.

आता 1928 साल घ्या. एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. संप पुरता पेटायच्या आधीच, 23 एप्रिलला परशुराम जाधव हा कामगार पोलिसांच्या गोळीने गेला. सहा महिने हा संप टिकला तो नुसत्या भाषणांवर नव्हे. हजारो कामगार गावी परत आले. बोटीने बाणकोट, खाडीतून दासगाव, पुढे पायी. पावसाळ्यात लावणीला दोन हात वाढले, एवढाच काय तो फायदा. खाणारी तोंडंही वाढलीच. मुंबईच्या संपाचा शिधा कोकणच्या कणगीतून गेला असं मी म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. आणि त्याच वेळी, त्याच घरातला धाकटा मुलगा गिरणगावात काठी घेऊन उभा होता. त्याची मनीऑर्डर येत होती, कारण त्याचा पगार चालू होता. म्हणजे संपकरी भावाच्या पोरांनी त्या वर्षी जे खाल्लं, त्यात संप मोडायला उभ्या केलेल्या भावाचा पैसा होता. कुठल्याही बाजूच्या इतिहासात ही गोष्ट मला नीट लिहिलेली सापडत नाही. दोन्ही बाजूंना ती अडचणीची आहे.

इथे एक पोटविषय येतो, तो टाळू नये. गावकीची खोली म्हटलं तरी ती सगळ्या गावाची नव्हती. गिरणीत विणकामाचं खातं अस्पृश्य मानलेल्यांना बंद होतं. कांडीचा दोरा तोंडाने ओढावा लागायचा, तो विटाळतो म्हणून. जास्त मजुरीचं खातं तेच. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला एकच वर्ष उलटलं होतं, आणि 1928च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. महाडच्या परिषदेसाठी खपलेले आपल्या तालुक्याचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे लाल बावट्यात गेले. दोन्ही चळवळी एका माणसात नांदू शकतात हे त्यांनी जगून दाखवलं. तेव्हा 'एका घरातले दोघे भाऊ' हे चित्र मी काढतो, त्यात कुणाला मुळी घरच दिलं नव्हतं, हेही त्या चित्रात असू द्या.

राज्यकर्त्यांना हा भाऊपणा ठाऊक नव्हता असं नाही. म्हणून तर संकटकाळी त्यांची नजर ज्याचा भाऊ समोर नाही अशा माणसाकडे वळायची. रेल्वे कंपन्यांची स्वयंसेवक पलटण होती. त्यात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकर असायचे. आणि 'स्पेशल कॉन्स्टेबल' ही विलायती कल्पना तर कायद्यातच घातलेली. 1861च्या पोलीस कायद्याचं सतरावं कलम वाचण्यासारखं आहे. दंगा होण्याची भीती असली तर मॅजिस्ट्रेटने शेजारपाजारच्या रहिवाशांना खास पोलीस म्हणून नेमावं. एकोणिसावं कलम त्याहून गमतीचं: नेमलेल्याने नकार दिला तर 50 रुपयांपर्यंत दंड. दंडाच्या धाकाने येणारा स्वयंसेवक! मुंबई इलाख्याचे कायदे निराळे होते, पण खास पोलीस नेमण्याची तरतूद 1951च्या मुंबई पोलीस कायद्यातही आली आणि आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ती हयात आहे.

या कल्पनेचं माहेर इंग्लंड. तिथला 1926चा मे महिना पाहा. 3 मेच्या मध्यरात्रीपासून 12 मेपर्यंत खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप. विद्यार्थी, कारकून, निवृत्त लष्करी अधिकारी असे हजारो लोक हातावर पट्टी बांधून स्पेशल कॉन्स्टेबल झाले. संप मागे घेतला गेला आणि 'टाइम्स'ने पोलिसांच्या गौरवासाठी वर्गणी मागितली. लोकांनी भरभरून दिली. त्या पैशातून राष्ट्रीय पोलीस निधी उभा राहिला आणि पुढे पोलिसांच्या मुलांच्या शिक्षणासारख्या कामी आला. पैसा चांगल्या कामी लागला, यात वाद नाही. पण त्याच वर्षी खाणकामगार हिवाळ्यापर्यंत बाहेर राहून हरले, कमी मजुरी आणि जास्त तास पत्करून खाणीत उतरले. ज्यांच्या मनात खाणकामगारांविषयी कणव होती, ते बहुधा पोलीस निधीला वर्गणी देणारे नव्हते. बक्षिसाला बाजू असते ती इथे. वर्गणी देणारा आभार मानतो, आणि आभार मानणारा माणूस आपलं काम झालं म्हणूनच मानतो.

मात्र इंग्रजांनी एक शहाणपण आधी केलेलं होतं, ते आपण घेतलं नाही. 1918 आणि 1919 साली तिथे पोलिसांनीच संप केले. सरकारने पोलिसांच्या युनियनवर बंदी घातली, पण त्यासोबत डेसबरो समितीच्या शिफारशीवरून पगार भरघोस वाढवले आणि गाऱ्हाणी मांडायला पोलीस फेडरेशन दिलं. आधी पगार, मग फेडरेशन, आणि सात वर्षांनी वर्गणीचं बक्षीस. आपल्याकडे बक्षीस आधी आलं, बाकीच्याची वाट अजून बघतो आहोत.

बक्षीस दिसायला कसं असतं हे ज्यांच्या घरात पोलीस आहे त्यांना माहीत आहे. सेवापुस्तकात एक ओळ पडते: उत्तम बंदोबस्ताबद्दल अमुक रुपये. रक्कम एवढीशी की त्यात घरी पेढे येतील न येतील. पण ती ओळ बढतीच्या वेळी मोजली जाते, बदलीच्या अर्जात लिहिली जाते. आणि 'उत्तम बंदोबस्त' म्हणजे काय, हे त्या ओळीत नसतं. जमाव पांगवला, अमुक जणांना ताब्यात घेतलं, हे अहवालात लिहिता येतं. आठ तास घोषणा ऐकल्या, आईवरून शिवी ऐकली, अंगावर दगड आला आणि तरी काठी खालीच ठेवली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? त्याचा पुरावा नसतो, कारण काही घडलेलंच नसतं. माझं म्हणणं इतकंच आहे, आणि बाकीचं व्याख्यान त्याचाच विस्तार समजा: औद्योगिक बंदोबस्तात खरं कसब न घडलेल्या गोष्टीत असतं, आणि आपली बक्षिसाची पद्धत घडलेल्या गोष्टींचीच नोंद ठेवते.

या बंदोबस्ताचे पैसे कोण देतं हेही पाहू. 1951च्या कायद्याचं अठ्ठेचाळिसावं कलम सांगतं की कारखान्यातल्या नोकरांच्या वागणुकीची वाजवी भीती असेल तर तिथे जादा पोलीस ठेवता येतात, आणि त्यांचा खर्च ज्याचा कारखाना त्याच्यावर पडतो. मला हे कलम गैर वाटत नाही. मालकाच्या मालमत्तेसाठी कुमक लागते, तर करदात्याने का भरावं? फक्त पैसा सरकारी तिजोरीतून फिरून यावा, फाटकावरून थेट येऊ नये. प्रत्यक्षात काय होतं? बिरवाडीकडच्या औद्योगिक पट्ट्यात आषाढाच्या पावसात कुठल्याही फाटकावर बंदोबस्त लागला की कंपनीच्या कॅन्टीनमधून चहाची किटली बाहेर येते. मागून वडापाव. पोलीस सकाळी सहाला निघालेला, कपडे ओले, सरकारी जेवणाचा पत्ता नाही. तो चहा घेतो. समोर ताडपत्रीखाली बसलेले कामगार ते बघतात. त्या एका कपाने शिपाई विकला गेला असं म्हणणारा मी नाही. पण ताडपत्रीखालून तो कप वेगळा दिसतो, आणि दिसण्यावर बंदोबस्ताचं अर्धं काम चालतं. मुरलेले हवालदार यावर आपला तोडगा काढतात: एक कप फाटकातला आणि एक ताडपत्रीखालचा, हिशेब चुकता. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

निष्ठेचं बक्षीस दिलं की काय होतं, याचा मोठा दाखला 1974च्या रेल्वे संपाचा आहे. 8 मे ते 27 मे. जॉर्ज फर्नांडिस पुढारी. हजारोंना अटक, हजारो बडतर्फ, गाड्या चालवायला प्रादेशिक सेनेची माणसं. संप मोडल्यावर कामावर राहिलेल्या 'निष्ठावंतां'ना जादा वेतनवाढ मिळाली, कुणाच्या मुलाला नोकरी मिळाली. 1977 साली सरकार बदललं आणि बडतर्फ झालेले परत आले. म्हणजे एका फलाटावर निष्ठेची वेतनवाढ खाणारा आणि तीन वर्षं उपाशी राहून परतलेला, दोघे खांद्याला खांदा लावून कामाला. रेल्वे कॉलन्यांमध्ये पुढची कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसत नाही, हे त्या वीस दिवसांवरून ठरत राहिलं.

आणि मग 1982.

18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर. या वेळी बोट नव्हती, एस.टी. होती. परळहून सुटलेल्या गाड्या पोलादपूरला माणसं उतरवत होत्या आणि परत जाताना तांदळाची बोचकी घेऊन जात होत्या. 1928ची गोष्ट पुन्हा घडत होती, फरक एवढाच की या वेळी शिपायालाही तोंड फुटलं होतं. 1979 साली देशभर पोलिसांत असंतोष उसळला होता. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने त्याच वर्षी पहिल्या अहवालात शिपायाचे न संपणारे तास आणि साहेबांच्या घरची कामं यावर बोट ठेवलं होतं. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली. मागण्या ऐकल्यात तर हसाल: कामाचे ठरावीक तास, राहायला खोली, साहेबाच्या घरी भाजी आणायला न लावणं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. तिच्यासारखी हक्काची सुट्टी नव्वद वर्षांनंतरही शिपाई मागतच होता.

15 ऑगस्ट 1982 रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. 18 ऑगस्टच्या पहाटे संघटनेची मान्यता काढून घेऊन पुढाऱ्यांची धरपकड झाली. गिरणी संपाला त्या दिवशी बरोबर सात महिने होत होते. सकाळी वरळी-नायगावच्या वसाहतींतून शिपाई रस्त्यावर आले आणि गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले. बायका-पोरं उतरली, लोकल थांबल्या, दुकानं फुटली. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसल्यांच्या सरकारला पोलिसांचा बंदोबस्त करायला लष्कर बोलवावं लागलं. लुटालुटीचं समर्थन मी करत नाही. पण एरवी काठीच्या दोन टोकांना असलेली गावकीच्या खोलीतली दोन माणसं त्या दिवशी एका बाजूला होती. सरकार सर्वांत जास्त हादरलं ते त्याला. कित्येक शिपाई बडतर्फ झाले, आणि सात महिने गिरण्यांच्या फाटकांवर केलेल्या बंदोबस्ताची सेवापुस्तकातली ओळ त्यांच्या कामी आली नाही. बक्षीस ही मर्जी असते. दिलेली मर्जी काढून घेता येते, आणि पगार, तास, खोली या गोष्टी मर्जीत मोडू नयेत म्हणूनच संघटना लागते. ती वाट पोलिसांच्या हक्कांवर बंधनं घालणाऱ्या 1966च्या कायद्याने जवळजवळ बुजवलेली होती, आजही बुजलेलीच आहे. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार ठाण्यात सुरू व्हायला 2016 साल उजाडलं. तो सुचवणारा एक शिपाईच होता.

आता होमगार्ड. पोलिसांपेक्षा त्यांच्यावर बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण या सभागृहात मागच्या रांगेत त्यांतले काही बसले आहेत. 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबई प्रांतात गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी हे दल उभं केलं, ते दंगलींच्या काळात पोलिसांना हात द्यायला. ब्रीद ठेवलं 'निष्काम सेवा'. फळाची अपेक्षा न ठेवता काम करा, हे गीतेत ठीक आहे. गीता ऐकणाऱ्या अर्जुनाला लढून राज्य तरी मिळणार होतं. आपल्या होमगार्डला घरी दोन गुंठे आणि कर्जावर घेतलेली रिक्षा असते. गणपतीत महामार्गावर तो उभा, निवडणुकीत तो, पुरात तो, आणि कंपनीच्या फाटकावर तणाव झाला की पोलिसांच्या मागच्या ओळीतही तोच. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की होमगार्डला कायम नोकरीचा हक्क नाही, पण त्याचा रोजचा भत्ता असा हवा की तीस दिवसांचा हिशेब पोलिसाच्या किमान पगाराइतका व्हावा. महाराष्ट्रात 2024 साली हा भत्ता दिवसाला 570 रुपयांवरून 1083 रुपये झाला. वाढ चांगली आहे. तिला बक्षीस म्हणू नका, थकलेली उधारी म्हणा. शिवाय हा भत्ता बोलावलं त्या दिवसाचाच. बोलावणं नाही तर पैसे नाहीत.

आणि त्याची अडचण शिपायाहून जास्त आहे. शिपायाची निदान जिल्ह्यात बदली होते. होमगार्ड गावचाच. ज्या कंपनीच्या फाटकावर तो आज उभा आहे, तिथेच त्याचा मेहुणा कंत्राटी कामगार म्हणून ताडपत्रीखाली बसलेला, आणि पुढच्या महिन्यात तो स्वतः तिथे कामाला अर्ज करणार. अशा माणसाला कंपनीच्या हातून शाल-श्रीफळ दिलं तर तो गावात तोंड कसं दाखवणार? अशा सत्काराला हौसेने बोलावणाऱ्यांनी याचा विचार करावा. 2018 साली आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरून मृतदेह वर काढणाऱ्या पोरांचे सत्कार झाले, ते सगळ्या तालुक्याने डोक्यावर घेतले. दरीला बाजू नव्हती. संपाला असते.

मग करायचं काय? माझ्या सूचना साध्या आहेत आणि कुणाला मोठ्या वाटणार नाहीत. तंटा मिटेपर्यंत त्या बंदोबस्ताबद्दल कुणालाही रोख बक्षीस देऊ नये. बुडालेली साप्ताहिक सुट्टी महिन्याच्या आत परत द्यावी, होमगार्डचा भत्ता बंदोबस्त उठल्यापासून आठवड्यात खात्यावर पडावा. बंदोबस्त संपल्यावर अधिकाऱ्याने एक टिपण लिहावं: बळ वापरण्याची वेळ कितीदा आली आणि ते न वापरता कुणी कसं निभावलं. त्या टिपणावर कामगारांच्या प्रतिनिधीचीही सही घ्यावी. सही घ्यायला गेलेला फौजदार दुसऱ्या दिवशी कामगारांशी निराळ्या आवाजात बोलेल, अशी माझी अटकळ आहे. खोटी ठरली तर एका कागदाचं नुकसान.

आणि एक गोष्ट बायकांबद्दल. आता फाटकावर महिला पोलीस आणि महिला होमगार्ड असतात, समोर महिला कामगारही असतात. सकाळी सहा ते रात्री आठ, रस्त्याच्या कडेला, आडोसा नाही. दिवसभर पाणी न पिता उभ्या राहतात. कारण विचारायची गरज नाही. महासंचालकांच्या सन्मानचिन्हाची यादी जेव्हा निघेल तेव्हा निघो. पुढच्या बंदोबस्ताला पहिल्या गाडीबरोबर एक फिरतं स्वच्छतागृह पाठवा, ते फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना खुलं ठेवा, आणि त्याचं बिल अठ्ठेचाळिसाव्या कलमाखाली कंपनीला लावा.